धर्मनिष्ठ राजकारणी आणि वृत्तपत्रांचा तराजू
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर जी थोर मंडळी बोलून गेली त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी जन्मभर वृत्तपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर तपासण्याचे आणि त्याला मथळे देण्याचे काम केले. मथळा देणारा मनुष्य सहसा व्यासपीठावर येत नाही. तो रात्रपाळीला असतो. तथापि कार्यवाहांनी आग्रह धरला, विषय निवडण्याची मोकळीकही दिली, म्हणून ज्या गोष्टीचे शल्य पुष्कळ वर्षे मनात बाळगून आहे तीच आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. धर्मावर मनःपूर्वक श्रद्धा असलेला मनुष्य राजकारणात उतरला म्हणजे वृत्तपत्रे, आणि अलीकडे दूरचित्रवाणीही, त्याच्याविषयी समतोल बुद्धीने लिहितात किंवा बोलतात की नाही, हा तो विषय होय.

हा विषय निघाला की आपल्याकडील पुढाऱ्यांची नावे श्रोत्यांच्या ओठांवर येतात, सभेचे दोन तट पडतात आणि विचार बाजूला राहतो. म्हणून मी बहुतेक उदाहरणे मुद्दाम दूरदेशीची घेणार आहे. ज्या भांडणात आपण कोणाचेच पक्षकार नाही, त्यातला न्याय आपल्याला चटकन दिसतो. घरच्याकडे मी शेवटी वळेनच. त्यातून माझी सुटका नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात असे स्पष्ट लिहिलेले आहे की, कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावली जाणार नाही. कायद्याने लावली जाणार नाही, हे खरे. परंतु लोकांनी आणि लोकांच्या वतीने लिहिणाऱ्यांनी ती लावू नये अशी तजवीज कोणत्या घटनाकाराला करता येणार? त्या देशात प्रोटेस्टंट पंथीयांचे प्राबल्य. कॅथलिक मनुष्य अध्यक्ष झाला तर तो वॉशिंग्टनमध्ये बसून रोमच्या पोपची आज्ञा पाळील, अशी भीती तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. १९२८ साली आल्फ्रेड स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले. ते न्यूयॉर्क राज्याचे चार वेळा निवडून आलेले गव्हर्नर. कामगारांच्या हिताचे कायदे आणि राज्यकारभाराची पुनर्रचना यांत त्यांनी मोठे नाव मिळविले होते. परंतु आदल्याच वर्षी ‘अटलांटिक मंथली’ या मान्यवर मासिकात चार्ल्स मार्शल नामक एका वकिलाने त्यांना अनावृत पत्र लिहून, तुमची निष्ठा चर्चशी की घटनेशी, असा सवाल केला होता. स्मिथांनी पुढच्याच महिन्यात त्याच मासिकात सविस्तर उत्तर दिले. हा वाद निदान सभ्य होता. त्याखालचा प्रचार सभ्य नव्हता. हडसन नदीखालून नुकत्याच काढलेल्या बोगद्याचे चित्र दाखवून हा बोगदा थेट पोपच्या दाराशी जाणार, अशी कंडी खेड्यापाड्यांतून पिकविण्यात आली. स्मिथ पडले. त्यांच्या पराभवाला त्या काळची भरभराट आणि दारूबंदीचा प्रश्न ही कारणेही तितकीच बळकट होती. परंतु ‘कॅथलिक म्हणून पडले’ हेच वाक्य लोकांच्या ध्यानात राहिले आणि पुढील ३२ वर्षे कोणत्याही मोठ्या पक्षाने दुसरा कॅथलिक उमेदवार उभा केला नाही.

तो उभा राहिला १९६० साली. जॉन केनेडी यांचे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. त्यांची कथा मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण वृत्तपत्रांवरचा आक्षेप त्यांनी वृत्तपत्रकारांच्याच सभेत, त्यांच्या तोंडावर मांडला.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक झाली. विस्कॉन्सिन म्हणजे दुग्धव्यवसायाचा प्रांत. तेथील शेतकऱ्याला दुधाच्या भावाची चिंता. कारखान्यातील कामगाराला कामगार कायद्यांची. केनेडी या निवडणुकीत विजयी झाले. दहापैकी सहा मतदारसंघांत त्यांना आघाडी मिळाली. परंतु विश्लेषकांनी निष्कर्ष काढला तो असा की, जेथे कॅथलिक वस्ती अधिक तेथे ते जिंकले आणि जेथे प्रोटेस्टंट अधिक तेथे हरले. म्हणजे विजयही डागाळला. त्यानंतर २१ एप्रिल रोजी अमेरिकेतील वृत्तपत्र-संपादकांच्या संस्थेपुढे वॉशिंग्टन येथे त्यांचे भाषण झाले. तेथे त्यांनी संपादकांना जे सांगितले त्याचा आशय असा: विस्कॉन्सिनच्या निवडणुकीचा आगाऊ आढावा घेणाऱ्या एका लेखात ‘कॅथलिक’ हा शब्द पंधरा परिच्छेदांत वीस वेळा आला होता, दुग्धव्यवसाय, निःशस्त्रीकरण वा कामगार कायदे यांचा उल्लेख एकदाही नव्हता. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ‘मिल्वॉकी जर्नल’ने राज्याचा नकाशा छापला. त्यात परगण्यापरगण्याने तीन प्रकारच्या मतदारांचे बळ दाखविले होते: डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि कॅथलिक!

बंधुभगिनींनो, हे शेवटचे वाक्य ऐकून आपल्याला हसू येईल. परंतु नकाशा काढणाऱ्या त्या बिचाऱ्या कलाकाराच्या मनात द्वेष असेल असे मला वाटत नाही. त्याने फक्त कॅथलिक मनुष्याला पक्ष असू शकतो, मत असू शकते, दुधाच्या भावाची काळजी असू शकते, हे विसरून त्याचा धर्म हाच त्याचा पक्ष ठरविला. वृत्तपत्रातील पक्षपात बहुधा असाच घडतो. तो खोटे लिहीत नाही. लेखातील वीसच्या वीस उल्लेख अक्षरशः खरे असतील. असत्य असते ते राहून गेलेल्या दुधाच्या भावात.

केनेडींनी पत्रकारांना आपल्या धर्माविषयी काहीच विचारू नका असे मात्र म्हटले नाही, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. धर्मसंस्थेचा दबाव आला तर तुम्ही काय कराल, चर्चच्या शाळांना सरकारी पैसा देण्याविषयी तुमचे मत काय, व्हॅटिकनला राजदूत पाठवाल काय, हे प्रश्न त्यांनी रास्त मानले आणि त्यांची उत्तरे दिली. शाळांना सरकारी पैसा नाही, राजदूत नाही. मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनिया या जवळजवळ सर्वस्वी प्रोटेस्टंट राज्यात त्यांना शेकडा साठांहून अधिक मते पडली. तरीही वाद शमला नाही. सप्टेंबरमध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील या सुप्रसिद्ध धर्मोपदेशकासह काही प्रोटेस्टंट मंडळींनी कॅथलिक अध्यक्ष स्वतंत्र बुद्धीने वागू शकेल काय, अशी जाहीर शंका घेतली. त्यावर इतके काहूर उठले की, पील यांचे सदर छापणे काही वृत्तपत्रांनी बंद केले आणि पील त्या मंडळींतून बाहेर पडले. (चुकीचा प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करणे म्हणजे चुकीच्या प्रश्नाला उत्तर देणे नव्हे; परंतु वृत्तपत्रसृष्टीला ही पळवाट नेहमीच आवडते.) १२ सप्टेंबर रोजी केनेडी स्वतः ह्यूस्टन येथील धर्मोपदेशकांच्या सभेत गेले. मी कॅथलिकांचा उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे, असे त्यांनी सांगितले आणि समोरून आलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. नोव्हेंबरात सुमारे पावणेसात कोटी मतदानात अवघ्या १ लाख १२ हजारांच्या आसपास मताधिक्याने ते निवडून आले.

आता या कथेतील दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो, कारण त्यांचा बोभाटा कधी झाला नाही.

पहिली अशी. केनेडींचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन हे क्वेकर कुटुंबात वाढलेले. क्वेकर पंथाची युद्धविरोधी परंपरा जगजाहीर आहे. १९२८ साली स्मिथांचा पराभव करणारे हर्बर्ट हूव्हर हेही क्वेकरच. अमेरिकेचा अध्यक्ष हा सेनादलांचा सरसेनापती असतो. धर्ममतावरून राज्यकारभाराचा अंदाज बांधावयाचा असेल, तर अणुबाँबची कळ ज्याच्या हाती जाणार त्याला, तुमचा पंथ तुम्हाला युद्ध करू देईल काय, हा प्रश्न पोपच्या आज्ञेविषयीच्या प्रश्नापेक्षा कितीतरी निकडीचा नव्हता काय? परंतु तो त्या प्रमाणात कोणी विचारला नाही. निक्सन महायुद्धात नौदलात होते, हे त्याचे उत्तर पुरेसे मानले गेले. केनेडीही त्याच नौदलात होते. त्यांच्या बाबतीत मात्र ते उत्तर पुरले नाही. आक्षेप प्रश्नाला नाही, एकालाच विचारण्याला आहे.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची. व्हॅटिकनला राजदूत पाठविण्याची भीती कॅथलिकांबद्दल घातली गेली. प्रत्यक्षात पोपकडे आपला व्यक्तिगत प्रतिनिधी १९३९ साली पाठविला तो फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, आणि ते प्रोटेस्टंट. १९५१ साली राजदूत नेमण्याचा प्रयत्न केला तो हॅरी ट्रूमन यांनी, आणि ते बॅप्टिस्ट. आणि १९८४ साली पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले ते रोनाल्ड रेगन यांनी, तेही प्रोटेस्टंटच. एकट्या कॅथलिक अध्यक्षाने ते केले नाही! पुढे २०२१ साली जो बायडन हे दुसरे कॅथलिक अध्यक्ष झाले, तेव्हा ते पोपचे ऐकतील ही भीती कोणी घातली नाही. उलट गर्भपाताच्या प्रश्नावर ते चर्चचे पुरेसे ऐकत नाहीत, ही त्यांच्याच धर्मातील काही बिशपांची तक्रार वृत्तपत्रांतून गाजली. मनुष्याच्या देवघरावरून त्याच्या कचेरीचा अंदाज बांधणाऱ्यांची ही फजिती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत फलकावर लावून ठेवण्यासारखी आहे.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

१९८५ साली आपल्या राज्यात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मी मुंबईतील एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. एका तालुक्यातून आपल्या ज्ञातीतील एक निवृत्त हेडमास्तर अपक्ष उभे होते. गृहस्थ निष्ठावंत वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आषाढीची पायी वारी कधी चुकली नाही. त्यांच्या प्रचारसभेचे वृत्त आमच्या वार्ताहराने पाठविले. ते माझ्या टेबलावर आले आणि मी त्याला मथळा दिला: ‘बुवांची दिंडी विधानसभेकडे’. रात्रपाळीचे सहकारी हसले. मलाही आपल्या मथळ्याचे कौतुक वाटले.

निवडणुकीत ते पडले. माझ्या मथळ्यामुळे पडले असे म्हणण्याइतका मी अहंमन्य नाही. महिन्याभराने ते आमच्या कचेरीत आले. मी खुर्ची दिली, चहा मागविला. त्यांनी खिशातून घडी केलेले कात्रण काढले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मथळा चांगला आहे हो तुमचा, मलासुद्धा हसू आले. पण शाळामास्तर आहे, मोजण्याची खोड जात नाही. बुवा तीन वेळा, माळ दोन वेळा, दिंडी एकदा. पाणी एकदाही नाही. मी त्या सभेत पाऊण तास बोललो, तो सगळा पाण्यावर बोललो.”

तालुक्याची नळपाणी योजना कित्येक वर्षे कागदावर पडून होती. तिचा सारा पत्रव्यवहार या गृहस्थांनी फायलीत लावून ठेवला होता, आणि तोच त्यांचा निवडणुकीचा जाहीरनामा होता. वार्ताहराने मुळात पाठविलेल्या मजकुरात पाण्याच्या चार ओळी होत्या. जागा कमी पडली म्हणून त्या मी कापल्या होत्या.

त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने प्रचाराचा नारळ ग्रामदैवताच्या देवळात फोडला होता आणि कचेरीत सत्यनारायण घातला होता. ते आमच्या अंकात आले नाही. कारण ते सारेच करतात, त्यात बातमी ती काय? रूढ धर्म दिसत नाही आणि मनापासून पाळलेला धर्म मात्र डोळ्यांवर येतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती याच व्यासपीठावर कबूल केली पाहिजे. ते गृहस्थ माझ्या ज्ञातीचे होते, हे कचेरीत सर्वांना माहीत होते. हा आपल्या माणसाची बाजू घेतो असे कोणी म्हणू नये, म्हणून मी त्यांच्याबाबत थोडा अधिकच कठोर झालो. निःपक्षपातीपणाचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी मी त्या मास्तरांची किंमत दिली. केनेडींचे ते भाषण पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले. वीस वेळा कॅथलिक, एकदाही दूध नाही, हे वाचले तेव्हा मला मास्तरांचे मोजणे आठवले.

पुढील उदाहरण द्वेषाचे नसून अज्ञानाचे आहे. १९७६ साली जिमी कार्टर हे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते बॅप्टिस्ट, आपल्या चर्चच्या रविवारच्या शाळेत धर्मपाठ देणारे. आपल्याला ‘पुनर्जन्माचा’ आध्यात्मिक अनुभव आला असे त्यांनी सांगितले आणि मोठमोठ्या शहरांतील वार्ताहर गोंधळून गेले. कोट्यवधी अमेरिकनांच्या घरांत रोज उच्चारला जाणारा हा शब्द त्यांच्या लेखी जणू एखाद्या दूरच्या बेटावरचा होता. त्याच वर्षी एका मासिकाला दिलेल्या दीर्घ मुलाखतीच्या अखेरीस कार्टर यांनी, आपण मनाने पुष्कळदा व्यभिचार केला आहे, अशी कबुली दिली. ज्याने येशूचे पर्वतावरील प्रवचन ऐकले आहे त्याला त्याचा अर्थ उघड होता: परस्त्रीकडे अभिलाषेने पाहणे हेच पाप आहे, म्हणून मी कोणाहून श्रेष्ठ नाही. विनयाचे ते वाक्य होते. परंतु सगळीकडे ते एकच वाक्य गाजले आणि बाकीची मुलाखत वाहून गेली. मुलाखतीसाठी निवडलेले मासिकही नग्न चित्रांसाठी प्रसिद्ध होते, हा दोष मात्र कार्टर यांच्याच पदरी घातला पाहिजे.

इंग्लंडमध्ये वेगळाच प्रकार. तेथे पंतप्रधानाने धर्माविषयी बोलूच नये असा संकेत. २००३ साली टोनी ब्लेअर यांना एका मुलाखतीत त्यांच्या श्रद्धेविषयी विचारले जाताच त्यांच्या प्रसिद्धिप्रमुखाने, आम्ही देवाचा विषय काढीत नाही, असे म्हणून तो प्रश्नच मोडून काढला. ब्लेअर यांनी कॅथलिक पंथात प्रवेश केला तो पंतप्रधानपद सोडल्यावर, २००७ च्या डिसेंबरात.

असा लपविण्याचा मार्ग टिम फॅरन यांना मिळाला नाही. २०१५ साली ते लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले. ते श्रद्धावान ख्रिस्ती. दूरचित्रवाणीवर त्यांना विचारण्यात आले की, समलिंगी संबंध हे पाप आहे काय? त्यांनी टाळाटाळ केली. २०१७ च्या निवडणुकीत हाच प्रश्न त्यांना पुनःपुन्हा विचारला गेला. अखेर त्यांनी ‘पाप नाही’ असे सांगितले. निवडणूक होताच १४ जून रोजी त्यांनी राजीनामा दिला. राजकीय नेता आणि निष्ठावान ख्रिस्ती ही दोन्ही जीवने एकत्र जगणे आपल्याला अशक्य झाले, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, ‘पाप नाही’ हे उत्तर दिल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असेही ते म्हणाले. म्हणजे प्रश्नकर्त्यांनी त्यांच्याकडून शेवटी मिळविले ते काय, तर एक असत्य.

त्याच निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांनाही तो प्रश्न विचारला गेला. त्या एका धर्मोपदेशकाच्या कन्या, नियमाने चर्चला जाणाऱ्या. त्यांनी एका शब्दात नकार दिला आणि विषय मिटला. आता दोघांचे संसदेतील वर्तन पाहू. मे यांनी २००२ साली समलिंगी जोडप्यांना दत्तक मूल घेऊ देण्याच्या विरोधात मत दिले होते. पुढे आपले मत बदलल्याचे त्यांनी सांगितले आणि २०१३ च्या समलिंगी विवाहाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. फॅरन यांनी त्याच विधेयकाच्या दुसऱ्या वाचनात अनुकूल मत दिले होते, तिसऱ्या वाचनात मतदान केले नव्हते. या मतदानावर वृत्तपत्रांनी त्यांना खुशाल भंडावून सोडावयास हवे होते. तिसऱ्या वाचनाला का गेला नाहीत, हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. परंतु अंतःकरणात पाप कशाला म्हणता, हे विचारणे म्हणजे वार्ताहराने धर्मगुरूची खुर्ची घेणे होय. मनात काही धरूनही समोरच्या माणसाचे हक्क जो मतदानाने राखतो, त्याचीच लोकशाहीला अधिक गरज असते.

येथे पत्रकारांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. २०२३ साली स्कॉटलंडमधील सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदासाठी केट फोर्ब्स उभ्या राहिल्या. त्या फ्री चर्च या कडव्या परंपरेच्या पंथातील. समलिंगी विवाहाचा कायदा २०१४ साली झाला तेव्हा मी असते तर विरुद्ध मत दिले असते, असे त्यांनी विचारताच सांगितले. झालेला कायदा मात्र आपण मोडणार नाही, असेही सांगितले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. कित्येकांनी हा श्रद्धावंतांचा छळ ठरविला. मला तसे वाटत नाही. प्रश्न कायद्याविषयी होता, मताविषयी होता, आणि उत्तर सरळ होते. ज्यांच्या विवाहाचा प्रश्न होता त्या नागरिकांना ते जाणून घेण्याचा अधिकार होता. त्यांचे प्रतिस्पर्धी हमझा युसफ हे मुसलमान. २०१४ च्या अंतिम मतदानाला ते गैरहजर का होते, असे त्यांनाही विचारले गेले. येथे दोन्ही पारड्यांत थोडेबहुत वजन पडले. फोर्ब्स यांना अंतिम फेरीत सुमारे ४८ टक्के मते मिळाली, म्हणजे पक्षाच्या निम्म्याजवळ सभासदांनी त्यांचे उत्तर ऐकूनही त्यांना नाकारले नाही. लोक पुष्कळदा वार्ताहरांपेक्षा अधिक समजूतदार असतात.

येथवर मी धर्म हा डाग समजणाऱ्या वृत्तपत्रांविषयी बोललो. परंतु धर्म हे वलय समजणारी वृत्तपत्रेही आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना आपल्याला दूर जावे लागत नाही.

२०२२ च्या ऐन दिवाळीत ऋषी सुनक हे ब्रिटनच्या सत्ताधारी पक्षाचे नेते निवडले गेले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान झाले. आपल्याकडील वृत्तपत्रांतून त्यांनी गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ, दारात लावलेल्या पणत्या, गोपूजा यांची वर्णने दिवसेंदिवस येत होती. हा मनुष्य त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशाचा अर्थमंत्री होता; महामारीच्या काळात त्याने सरकारी तिजोरीतून लोकांचे पगार कसे चालविले, कर कोणावर वाढविले, हे आपल्या वाचकाला कोणी सांगितले? आयर्लंडचे लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले तेव्हा आपण सारे मालवण तालुक्यातील वराड गावी मनाने जाऊन आलो. त्यांचे वडील मूळचे तेथले. आनंद स्वाभाविक होता, मलाही झाला. परंतु आयर्लंडमधील घरटंचाईचा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत किती गाजत होता, ही बातमी वराडपर्यंत पोहोचली नाही. विस्कॉन्सिनच्या त्या लेखात आणि आपल्या या लेखांत फरक इतकाच की, तेथे वीस उल्लेख शंकेचे होते, येथे अभिमानाचे. दूध दोन्हीकडे गैरहजर.

आणि आपली स्मरणिका? निवडून आलेल्या ज्ञातिबांधवांची छायाचित्रे आपण दरवर्षी छापतो. १९९० नंतरच्या एका अंकात आपल्यापैकी एका लोकप्रतिनिधीचा गौरवलेख मीच लिहिला आहे. त्यांची पंढरीची वारी, मातोश्रींच्या नावाने घातलेले अन्नदान, देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेली देणगी, सारे त्यात आहे. भाषा रसाळ आहे. मंडळींनी पुष्कळ वाखाणला. तो परवा पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले की, पाच वर्षांत त्यांनी विधानसभेत एक तरी प्रश्न विचारला की नाही, याचा त्यात पत्ता नाही. ते त्याच तालुक्यातून निवडून आले होते जेथून मास्तर पडले. एकाची माळ मी चेष्टेला लावली आणि दुसऱ्याची आरतीला. पाण्याच्या ओळी मात्र दोन्ही वेळा माझ्याच हातून गेल्या.

मास्तर आता हयात नाहीत. त्यांची फाईल त्यांच्या चिरंजीवांनी जपून ठेवली आहे आणि ते आज सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. तेथे कोणाचे पाणी कोणत्या साली आले, कोणाचे अजून यावयाचे आहे, हे त्यांना ठाऊक आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे तीन ज्ञातिबांधव लोकप्रतिनिधींच्या परिचयाचा मजकूर मागितला आहे. छायाचित्रे आली आहेत. तिघांच्याही गळ्यात माळ आहे. मजकूर मी अद्याप लिहिलेला नाही. ती फाईल मला उद्या सकाळी मिळावयाची आहे, आणि तिघांकडेही मी त्यांच्या सभागृहातील कामाची माहिती लेखी मागितली आहे. एकाचे उत्तर आले आहे.